अनशापोटी

दर तीन महिन्यांनी एका सकाळी मी आईला घेऊन रक्त तपासायला जाते. लॅब घरापासून चालत दहा मिनिटांवर. उघडते सात वाजता, पण पावणेसातलाच पायऱ्यांवर आठ-दहा माणसं येऊन बसलेली असतात. सगळी उपाशी. कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. समोरच्या टपरीवर चहा उकळत असतो, आल्याचा वास रस्ता ओलांडून येतो, आणि सगळे मान दुसरीकडे वळवून बसतात.

काचेच्या दारावर कागद चिकटवलेला आहे: फास्टिंग शुगरसाठी नाश्ता न करता यावे. रक्त घेणारा मुलगा पंचविशीचा असेल. हात हलका आहे त्याचा. दंडाला पट्टा बांधताना तो प्रत्येकाला तेच विचारतो.

"मावशी, नाश्ता नाही ना केला?"

आई मान हलवते.

"चहापण नाही?"

"पाणी प्यालेय घोटभर. चालतं ना?"

चालतं. सुई जाते, आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहते. आणि मला दर वेळी तेच आठवतं, की हा प्रश्न तेहरानमधल्या एखाद्या लॅबमध्ये विचारायचा झाला तर नेमका उलटा विचारावा लागेल. तिथला मुलगा म्हणेल, "मावशी, नाश्ता आहात ना?" आणि आईला म्हणावं लागेल, "हो, नाश्ताच आहे."

फारसीत नाश्ता म्हणजे उपाशी. रात्रीपासून पोटात काही न गेलेलं माणूस. इराणात रक्ताच्या तपासणीला जाताना डॉक्टर आजही हाच शब्द वापरतात: उद्या सकाळी नाश्ता या.

हे मला कुठल्या कोशात आधी सापडलं नाही. पोह्यांच्या ताटलीपाशी कळलं. पुण्यात शिकत होते तेव्हा हॉस्टेलवर शेजारच्या खोलीत एक इराणी मुलगी राहायला आली. त्या वर्षांत पुण्याच्या कॉलेजांमध्ये बरेच इराणी विद्यार्थी असत. तिला मराठी येत नव्हतं, हिंदीही नाही. इंग्रजी जेमतेम. सकाळी मेसच्या खिडकीपाशी ती रांगेत उभी राहायची. मेसच्या मावशी डाव हातात घेऊन विचारायच्या, "नाश्ता?" ती छातीवर हात ठेवून, जरा मान झुकवून म्हणायची, "नाश्ता, नाश्ता." मावशी पोहे वाढायच्या. रोज. कुठेही काही अडलं नाही.

दीड-दोन महिन्यांनी एका रविवारी आम्ही दोघी पायरीवर बसून पोहे खात होतो. तिने विचारलं, तुमच्याकडे खायला वाढण्याआधी प्रत्येकाला तू उपाशी आहेस का, असं विचारायची पद्धत आहे का? तिला ती फार आवडली होती. घरी फोनवरून आईलाही सांगितलं होतं तिने, की इथली स्वयंपाकाची बाई माझी रोज विचारपूस करते, उपाशी आहेस का म्हणते, मी हो म्हणते आणि ती ताटली भरते.

मला आधी समजेना ती काय म्हणतेय. मग तिने उलगडून सांगितलं. तिच्या भाषेत नाश्ता हे खाण्याचं नाव नाही, खाण्याआधीच्या पोटाचं आहे. सकाळच्या खाण्याला ते सोभाने म्हणतात, सोभ म्हणजे सकाळ. हिंदीतली सुबह तीच. आणि दुपारच्या जेवणाला नाहार.

नाहार ऐकल्यावर मी पोह्यांचा चमचा खाली ठेवला.

माझं बालपण कराडजवळच्या एका गावात गेलं. आमच्या घरात नाश्ता नव्हता. म्हणजे शब्द नव्हता. आजीच्या तोंडी तो मी कधी ऐकला नाही. आमच्याकडे न्याहारी होती, आणि आजी तिला न्ह्यारी म्हणायची. पहाटे उठून धारा काढायच्या, शेणघाण करायची, कोरा चहा घ्यायचा आणि आबा शेतात जायचे. दिवस कासराभर वर आला की न्ह्यारीची वेळ व्हायची. घड्याळात बघितलं तर नऊ-साडेनऊ, पण घड्याळ कुणी बघत नव्हतं. आजी फडक्यात भाकऱ्या बांधायची, वर लसणाची चटणी, एका डब्यात कोरड्यास, किटलीत ताक. शाळेला सुट्टी असली की मला हाक यायची, "आबास्नी न्ह्यारी दिऊन ये गं."

बांधावर बाभळीची एक रोड सावली होती. भांगलणीला आलेल्या बायका आपापली फडकी तिच्या फांदीला अडकवून ठेवायच्या, मुंग्या लागू नयेत म्हणून. मी दिसले की खुरपी खाली पडायची. सगळ्या गोल करून बसायच्या. कांदा चिरायचा नाही, बुक्कीने फोडायचा. एकीचं कोरड्यास दुसरीच्या भाकरीवर जायचं, कुणाच्या तरी खर्ड्याने सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आबा पहिला तुकडा मोडून बाजूला मातीत ठेवायचे आणि मग खायला लागायचे. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ. पण आजही कुणी जेवण म्हटलं की मला पंगत आठवते, आणि न्याहारी म्हटलं की ते बाभळीखालचं गोल बसणं.

न्याहारी हा मला पक्का गावचा, मातीतला शब्द वाटायचा. आ-हा-री हे आत स्पष्ट ऐकूही येतं, तेव्हा संस्कृतातून आला असेल असंच मी धरून चालले होते. आणि ही शिराझची मुलगी मला सांगत होती की तिच्या घरी दुपारी एक वाजता तिची आई नाहार वाढते.

त्यानंतर मी शब्द शोधायला लागले. त्या वेळी हातात होतं ते कॉलेजचं ग्रंथालय. तिथे मोल्सवर्थचा जाडजूड मराठी-इंग्रजी कोश होता. 1831 मध्ये पहिल्यांदा निघाला आणि 1857 मध्ये वाढवून पुन्हा निघाला, तो. तिथेच मला माधवराव पटवर्धनांचा 1925 चा फार्शी-मराठी कोश भेटला. कवी माधव ज्यूलियन म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते फारसीचे प्राध्यापक होते. एका कवीने आपल्या भाषेतले परके शब्द एकेक करून वेचून ठेवले, या गोष्टीने मला तेव्हा फार धीर दिला. शब्दांच्या मागे लागणं हा रिकामपणाचा उद्योग आहे असं हॉस्टेलमध्ये बऱ्याच जणींना वाटत होतं.

न्याहारीची वाट अशी लागते. फारसीत नाहार म्हणजेही आधी उपाशीच. जुने फारसी कोशकार त्याची फोड करतात ना आणि आहार अशी. ना म्हणजे नाही, आणि आहार म्हणजे खाणं. आपलाच आहार. फारसी आणि संस्कृत या एका घरातून निघालेल्या भाषा, त्यामुळे हा शब्द दोन्हीकडे निघाला तर नवल नाही. म्हणजे माझ्या कानाला न्याहारीत आहार ऐकू येत होता ते खोटं नव्हतं. फक्त त्याच्या आधी एक नाही आहे, तो मला ऐकू आला नव्हता.

नाहार म्हणजे न खाल्लेला. नहारी म्हणजे त्या न खाल्लेल्याचं जे ते. उपाशी माणसाचा वाटा. आपले कोश न्याहारीला या नहारीशी जोडतात. उर्दूत अजूनही नहार मुँह म्हणतात, म्हणजे उपाशी तोंडाने, सकाळी काही न खाता. दिल्ली-लखनौची निहारी, रात्रभर मंद आचेवर शिजवून पहाटे खायची, मुंबईत मोहम्मद अली रोडवर मिळते ती, तीही याच घरातली. काही जण निहारीला अरबी नहारशी जोडतात. अरबीत नहार म्हणजे दिवस. मला नहार मुँहच जास्त पटतो. पदार्थाच्या वेळेपेक्षा खाणाऱ्याचं पोट त्या नावात आधी असावं असं वाटतं.

इराणात नाहार सरकत सरकत दुपारच्या जेवणावर गेला. पण ताजिकिस्तानात, जिथे फारसीचंच एक रूप बोललं जातं, तिथे सकाळच्या खाण्याला आजही नाहोरी म्हणतात. दुशान्बेतल्या एखाद्या घरात सकाळी नान आणि चहा मांडून कुणी मुलांना नाहोरीला हाक मारत असेल, आणि ती हाक आमच्या गावच्या बांधावर कुणालाही कळली असती. हे मला कळलं त्या दिवशी मी आजीला पत्र लिहिलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, चुलतभावाने वाचून दाखवलं. तिने उलट निरोप पाठवला, की त्यांच्याकडं भाकरी कशाची करत्यात ते इचार.

बहमनी राज्य 1347 मध्ये सुरू झालं. तिथून पुढे निजामशाही, आदिलशाही, मोगलाई. तीन-चारशे वर्षं आपल्याकडचा कारभार फारसीच्या सावलीत चालला. त्याबद्दल बोलताना आपण नेहमी कचेरीतले शब्द सांगतो: अर्ज, फिर्याद, जमीन, हजर, दाखल. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला तो या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी, आणि तो मोठाच उद्योग होता. बांधावरची न्याहारी मात्र राहिली ती राहिलीच. स्वयंपाकघरातही किती शब्द तसेच राहिले. मैदा, मसाला, हलवा, पनीर, बदाम. आमच्या चौकात एका गाड्यावर पाटी आहे, 'ताजा व गरम नाश्ता मिळेल'. त्यातलं ताजा फारसी, गरम फारसी, नाश्ता फारसी, आणि मधला व सुद्धा फारसीतूनच आलेला. आपल्या घरचा राहिला एकच शब्द: मिळेल.

मला या पाटीचं वाईट वाटत नाही. मिळेल हे क्रियापद आपलं आहे, एवढं मला पुरतं. कुणीतरी दिलं आणि आपण घेतलं, आणि घेतलेलं रोज सकाळी कढईत परतून गरम ठेवलं. भाषा शुद्ध राखायला हवी असं ज्यांना कळकळीने वाटतं त्यांची कळकळ मी समजू शकते. पण आजीच्या तोंडून न्ह्यारी काढून घ्यायची असेल तर तिच्या हातात काय ठेवणार? प्रातराश? संस्कृतात सकाळच्या खाण्याला प्रातराश आहे, देखणा शब्द आहे, पण त्याला भाकरीचा वास येत नाही. आणखी एक शब्द होता, कल्यवर्त. कल्य म्हणजे पहाट. त्याचा हिंदीत कलेवा झाला, आणि तिकडच्या खेड्यांत तो अजून जिवंत आहे. आपल्याकडे तो रुजला नाही. त्या कल्यपासून आपल्याला वेगळंच काही मिळालं. आपला काल, म्हणजे होऊन गेलेला दिवस, तो या पहाटेतूनच आला.

अल्पोपहाराबद्दल मला फार माया नाही. तो कार्यक्रमपत्रिकेतला शब्द आहे. भाषणं संपल्यावर शेवटच्या ओळीत येतो आणि कागदी बशीत एक वेफर्सचं पाकीट, एक सामोसा आणि एक पेढा होऊन हातात पडतो. पण त्याच्या लिहिण्यातली गंमत सांगावीशी वाटते. उप आणि आहार मिळून उपाहार होतो, म्हणजे मुख्य जेवणाच्या जोडीचं छोटं खाणं. म्हणून उपाहारगृह, म्हणून अल्पोपाहार. आपण मात्र सर्रास उपहारगृह आणि अल्पोपहार लिहितो, आणि उपहार म्हणजे भेट, नजराणा. हा काना गेला की शुद्धलेखनाच्या सरांचा जीव खालीवर होतो. पण गावी कुणाच्या दारात गेलं की घरधनीण काही न विचारता पाण्याच्या तांब्यासोबत गुळाचा खडा पुढे करते, तेव्हा तो उपाहार की उपहार हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

टिफिन तर मुळात खाणंही नव्हतं. इंग्रजांच्या बोलीत टिफिंग म्हणजे घोट-घोट घेणं, त्यातून इथल्या गोऱ्या साहेबांचं दुपारचं हलकं खाणं झालं, तमिळनाडूत गेल्यावर इडली-डोसा झालं, आणि आपल्याकडे आल्यावर ते भांडंच होऊन बसलं.

फराळापाशी मात्र थांबायला हवं, कारण तिथेही उपाशी माणूस आहे.

फलाहारातून फराळ झाला हे आपल्याला ठाऊक असतं. उपासाच्या दिवशी धान्य खायचं नाही, फळं-मुळं खायची, तो फलाहार. एकादशीला आजही कुणी जेवलात का असं विचारत नाही, फराळ झाला का असं विचारतात. तो फराळ आता साबुदाण्याची खिचडी आहे. साबुदाणा आपल्याकडे होतो तो कसावा नावाच्या कंदापासून, आणि कसावा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथला, शेंगदाणा तिथला, मिरची मेक्सिकोकडची. समुद्र ओलांडून आलेल्या या चारही गोष्टी आपण विठ्ठलाच्या उपासाला चालवून घेतल्या. मला यात ढोंग दिसत नाही. ज्याने व्रताचे नियम केले त्याच्यासमोर जी धान्यं होती ती त्याने वर्ज्य केली. नव्याने आलेल्या कंदाचं नाव त्या यादीत नव्हतं, आणि चुलीपुढच्या बाईला घरातल्या दहा माणसांचा उपास सोसवायचा होता. तिने वाट काढली.

आणि मग दिवाळी. दिवाळीला उपास नाही, ताटात फळ नाही, आहे ते सगळं तुपात-तेलात तळलेलं. तरी तो फराळच. मला वाटतं हे असं झालं असावं, की फराळ म्हणजे जे जेवण नव्हे ते. भात-भाकरीचं पान मांडलेलं नाही, पण खाणं आहे आणि ते आग्रहाने वाढलेलं आहे. उपासाच्या दिवशी या वेगळ्या खाण्याला नाव मिळालं आणि ते नाव सणाच्या दिवशीही तसंच चाललं. परदेशी असलेल्या लेकरांना ऑक्टोबर लागताच खोकी जातात. त्यातल्या चकल्या पोहोचेपर्यंत मोडतात, आणि मोडल्या म्हणून कुणी टाकत नाही. माझ्या मावसबहिणीने एकदा लंडनहून फोटो पाठवला होता, वाटीत नुसता चकल्यांचा चुरा आणि चमचा.

नाश्ता, न्याहारी, फराळ. तिन्ही शब्दांच्या तळाशी एक रिकामं पोट आहे. इंग्रजांनी ब्रेकफास्ट म्हणताना उपास मोडला असं म्हटलं. स्पॅनिश भाषेतलं देसायुनोही तसंच, उपास सुटणं. त्यांनी सुटण्याला नाव दिलं. आपण नाश्ता म्हणताना सुटणं-मोडणं गाळून टाकलं आणि नुसती भूक ठेवली. जुन्या फारसीत सकाळच्या खाण्याला नाश्तायी असंही म्हणत, उपाशीपणाचं ते, अशा अर्थाने. आपल्यापर्यंत येताना ती यी वाटेत कुठेतरी गळाली.

मराठीत भुकेची नावंही बारीक निवडलेली आहेत. उपास आणि उपाशी हे दोन्ही उपवासातूनच आलेले. उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणं, देवाच्या जवळ राहणं. पण बोलताना आपण त्यांची किती लांब ताटातूट केली. उपास हा धरायचा असतो, तो आपल्या मर्जीचा. उपाशी हे राहावं लागतं. आईचा उपास आहे असं म्हटलं तर घरात साबुदाणा भिजत पडतो. आई उपाशी आहे असं म्हटलं तर काळजात काहीतरी हलायला हवं.

आणि तिसरा शब्द, जो आजीचा होता, अनशापोटी. आज तो औषधांच्या जुन्या बाटल्यांवर आणि वैद्यांच्या तोंडी उरला आहे. आजी पाडव्याला आम्हा पोरांना ओळीने उभं करून कडुनिंबाची कोवळी पानं चावायला लावायची, अनशापोटी. पोटात जंत झाले की वावडिंगाचं पाणी, अनशापोटी. कडू ते सगळं अनशापोटी, म्हणून मला लहानपणी या शब्दाचीच भीती वाटायची. अश् म्हणजे खाणं, प्रातराशात आहे तेच. अनशन म्हणजे न खाणं. अनशापोटी म्हणजे न खाल्लेल्या पोटी. फारसीतला नाश्ता जे सांगतो ते शब्दाला शब्द हेच. आमच्या घरात तो अर्थ आजीच्या जिभेवर आधीपासून होता, दुसऱ्या नावाने. अनशा आणि नाश्ता हे शेजारी ठेवून एकदा मोठ्याने म्हणून पाहा. मी म्हणून पाहिले तेव्हा एकाच घरातल्या दोन बहिणी लांबच्या गावी दिल्यावर वर्षांनी यात्रेत भेटाव्यात तसं वाटलं.

हे सगळं मी आईला सांगितलं होतं, बऱ्याच वर्षांनी. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा. ती गवारीच्या शेंगा मोडत होती. नीट ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "म्हणजे मी बारा वर्षं नाश्ता होते म्हण की."

लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पहाटे चारला उठायची. दोन दीर, सासू-सासरे, गडी, आणि मग आम्ही. सगळ्यांची न्याहारी तिच्या हातची. मी शेतात घेऊन जायचे ती फडक्यातली भाकरी आजीने बांधलेली असायची, पण थापलेली आईची असायची. बाभळीखाली गोल बसलेलं मला लख्ख आठवतं, पण त्या गोलात आई नाही. तेव्हा ती कुठे होती हा प्रश्नही मला कधी पडला नव्हता. ती घरी असायची. भांडी घासून, धुणं आटोपून, गोठा झाडून झाल्यावर तव्यावरची शेवटची भाकरी, बहुतेक वेळा एका कडेने करपलेली, घेऊन ती उंबऱ्यात बसायची. अकरा वाजून गेलेले असायचे. कधी तेवढ्यात कुणी पाहुणा यायचा आणि ती भाकरी त्याच्या ताटात जायची. मग ती एकदम दुपारी जेवायची.

"भूक नाही लागायची?" मी विचारलं.

"लागायची. पण तिला काय नाव नव्हतं."

घरात कुणी वाईट नव्हतं. आजी तिच्यावर ओरडली असंही मला आठवत नाही. आजीने स्वतः तशीच वर्षं काढली होती. तिच्या लेखी न्ह्यारी ही शेतात जाणाऱ्याची, कष्टाला जाणाऱ्याची होती, आणि घरात पहाटे चारपासून चाललं होतं त्याला कुणी कष्ट म्हणत नव्हतं. नहारी म्हणजे उपाशी माणसाचा वाटा असं मी वर लिहिलं. त्या घरात सगळ्यांत जास्त वेळ उपाशी असणाऱ्या माणसाला तो वाटा सगळ्यांत शेवटी मिळत होता, आणि मी त्या शब्दाच्या प्रेमात होते. हे मला त्या गवारीच्या शेंगांपाशी कळलं. अजूनही मला हा शब्द आवडतो. पण आता तो उच्चारताना बाभळीच्या सावलीबरोबर तो उंबराही दिसतो.

आईला साखर निघाली त्याला सात वर्षं झाली. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, उपाशी राहायचं नाही. गोळ्या चालू आहेत, वेळेवर खाल्लं नाही तर साखर एकदम खाली जाईल, हातपाय कापतील, घाम फुटेल. दर तीन तासांनी थोडं थोडं खा. आईला हे फार जड गेलं. गोळ्या घेणं जड गेलं नाही, गोड सोडणंही नाही. सगळ्यांच्या आधी ताट घेऊन बसणं जड गेलं. सुरुवातीला ती स्वयंपाकघरात उभ्यानेच, आमच्याकडे पाठ करून खायची. मुलीच्या घरी मुलीच्या नवऱ्याआधी खायचं म्हणजे काय. एकदा तिला खरंच चक्कर आली, हात गार पडले, कपाळावर घाम. साखर चमच्याने तोंडात घातली तेव्हा दहा मिनिटांत डोळे उघडून म्हणाली, "पोळ्या करून मग खाणार होते."

त्यानंतर आमच्याकडे एक नियम झाला. सकाळी सात वाजता पहिली ताटली आईची. माझा लेक लहान असल्यापासून ते बघतो आहे. तो तिला रोज विचारतो, "आजी, न्याहारी?" माझ्याकडून त्याने हा शब्द उचलला, त्याच्या वर्गात कुणालाच तो माहीत नाही. ती हो म्हणते आणि बसते.

म्हणून तपासणीची सकाळ तिला अवघड जात नाही. तिला मुळात उपाशी राहण्याची सवय. मलाच ती अवघड जाते. तिच्याबरोबर मीही काही खात नाही त्या दिवशी, तिला न सांगता.

या वेळी गेलो तेव्हा गर्दी जरा जास्त होती. आमचा नंबर यायला सव्वासात झाले. रक्त देऊन झालं, कापसाचा बोळा दाबून आई बाहेरच्या बाकावर बसली. आता खायचं, आणि मग बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. घरी जाऊन येण्यापेक्षा आम्ही डबाच घेऊन जातो. मी डबा उघडला. दुधात मळलेल्या ज्वारीच्या दोन दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. तिनेच आदल्या रात्री केलेल्या.

तिने दशमी हातात घेतली, मधून मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली.

"तू पण काही खाल्लं नाहीस."

आतून तो मुलगा बाहेर आला. हातात पेन आणि आईच्या नावाचा कागद. "मावशी, पूर्ण खायचं हं. वाटून नाही खायचं. आणि पहिला घास कधी घेतला ते सांगा मला, तिथून दोन तास धरायचेत."

आईने अर्धी दशमी डब्यात परत ठेवली. उरलेल्या अर्धीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, आणि तोंडात घालायच्या आधी माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे वाकून पाहिलं.

"सात वीस," ती म्हणाली.

त्याने लिहून घेतलं.